संघभावना आणि कानोसा

काही महिन्यांपूर्वी एका घरगुती कार्याच्या निमित्ताने बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर या गावी आम्हांस दोन दिवस राहण्याचा योग आला. लोणार तालुक्यातील हे गाव. सायंकाळी पटांगणावर मुलांचा खोखो रंगला होता, आणि पाहणाऱ्यांत आमच्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ या खेळाचे जुने शौकीन निघाले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस झालेल्या खोखोच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत भारताच्या पुरुषांच्या व स्त्रियांच्या अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळवर मात केली, हे त्यांना घरच्या कार्यासारखे आठवत होते. एकट्याने नाव मिळविण्याच्या हौशीने खो देण्यास उशीर करणाऱ्या एका मुलावर ते मनापासून चिडले. दुसरा एक मुलगा बसल्या जागी वारंवार मान वळवून मागे पाहत होता, त्याच्याविषयी ते म्हणाले, "मांगं पायत बसला तं उठाले येळ होते."

पुढे बोलणे वाढता वाढता कोणीतरी सरकार लोकांचे फोन ऐकते, हा विषय काढला. त्यावर आमच्या या शौकीनांनी क्षणाचाही विलंब न लावता निकाल दिला, "आपल्याले लपवाचं काय हाये, भाऊ? आयकू द्या ना सरकारले. एका संघातल्या गड्यायनं एकमेकायपासून काय लपवाचं?"

त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. सुशिक्षित म्हणविणारी शेकडो माणसे हेच मत अधिक सफाईदार भाषेत मांडतात. पण या गृहस्थांनी त्याला खेळाचा आधार दिला होता, आणि तो आधार सहज उडवून देण्याजोगा नव्हता. समाज हा एक संघ आहे. संघात राहावयाचे तर माणसाने आपले स्वत्व थोडे बाजूस ठेवावयास हवे. मग माझे बोलणे माझे एकट्याचे, असा हट्ट धरणारा मनुष्य खो न देता एकटाच धावू पाहणाऱ्या मुलासारखा स्वार्थी ठरत नाही काय? हा प्रश्न घेऊनच आम्ही परतलो, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम विरुद्ध पक्षाचे बळ प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर व त्यांना सीमेपलीकडून आज्ञा देणारे सूत्रधार यांच्यातील फोनवरील संभाषण आपल्या यंत्रणांनी ऐकले व नोंदविले. त्या कटाचे स्वरूप न्यायालयापुढे सिद्ध होण्यास ते संभाषण उपयोगी पडले. सरकारने कोणाचेही कधीच ऐकू नये, असे ज्यांस वाटते त्यांनी त्या तीन दिवसांचे स्मरण करावे. ज्या राज्याने प्रजेचे रक्षण करावयाचे, त्याचे कान बांधून ठेवणे शहाणपणाचे होणार नाही. तेव्हा वाद ऐकावे की न ऐकावे, असा नसून कोणाचे, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या परवानगीने ऐकावे, असा आहे.

आता त्या गृहस्थांच्या आवडत्या खेळाकडेच वळू. खोखोत आठ गडी एका ओळीत, एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडे करून बसतात आणि नववा धावतो. खो पाठीमागूनच द्यावा लागतो, आणि तो मोठ्याने उच्चारावा लागतो. म्हणजे बसलेल्या गड्यास आपल्या मागून कोण येत आहे हे न पाहताच, केवळ एका शब्दावर आणि एका स्पर्शावर विसंबून उठावे लागते. संघभावनेचे याहून स्वच्छ चित्र आम्हांस ठाऊक नाही. परंतु त्याच संघातील गडी डाव सुरू होण्यापूर्वी डोक्याला डोके लावून काय कुजबुजतात, ते पंच ऐकत नाहीत, प्रेक्षक ऐकत नाहीत आणि प्रतिपक्षाने तर ऐकताच कामा नये. खो सर्वांसाठी असतो, मसलत संघापुरती असते. मसलतीचा हा आडोसा काढून घेतला, तर मागे उरतात ती पटांगणावर एकत्र सोडलेली नऊ माणसे. त्यांस संघ म्हणता येणार नाही.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळात ही गोष्ट अलीकडे फार ठळकपणे दिसली. त्या खेळात चेंडू झेलणारा गडी चेंडू फेकणाऱ्यास बोटांच्या खुणांनी कोणता चेंडू टाकावा हे सुचवितो. प्रतिपक्षाच्या गड्याने मैदानात उभे राहून साध्या डोळ्यांनी त्या खुणा ओळखल्या तर तो खेळातील हुशारीचा भाग समजतात. परंतु त्यासाठी यंत्रे वापरण्यास मनाई आहे. ह्यूस्टनच्या संघाने २०१७ च्या हंगामात कॅमेऱ्यातून त्या खुणा टिपल्या आणि कचऱ्याचे पिंप बडवून आपल्या फलंदाजास कळविल्या, असे चौकशीत आढळले. २०२० च्या जानेवारीत त्या संघास ५० लाख डॉलर दंड झाला आणि त्याचा व्यवस्थापक व प्रशिक्षक यांना एक वर्ष खेळापासून दूर ठेवण्यात आले. ह्यूस्टनच्या गड्यांत आपसांतील एकजूट कमी नव्हती; उलट इतके दिवस गुपित राखण्याइतकी ती घट्ट होती. तरीही जगाने त्यास अन्याय म्हटले, कारण दोघांच्या डोळ्यांस डोळा भिडविण्याच्या खेळात एका पक्षाने अदृश्य डोळा आणला होता.

यावर असे कोणी म्हणेल की, सरकार हा काही आपला प्रतिपक्ष नव्हे. ते आपलेच आहे. हे खरे आहे. परंतु एका संघातील गड्यांचे परस्परांवर जे लक्ष असते ते परस्परांचे असते. सुलतानपुरासारख्या गावात कोणाच्या घरी काय शिजले, कोणाचे कोणाशी बिनसले, हे सर्वांस कळते. त्याचा जाचही होतो. तथापि जो आमच्याविषयी जाणतो त्याच्याविषयी आम्हीही जाणतो, आणि अतिरेक झाला तर त्याच्या ओट्यावर जाऊन त्याला जाब विचारता येतो. फोनवरील कानोशात हे परस्परत्व उरत नाही. ऐकणारा कोण, त्याने केव्हा ऐकले, ऐकलेले कोठे ठेवले, हे बोलणाऱ्यास कधी कळत नाही. जो मला पाहतो पण ज्याला मी पाहू शकत नाही, तो माझ्याच पोशाखात असला तरी माझा खेळगडी होत नाही.

आणि यातील खरी हानी निरपराध मनुष्य चुकून पकडला जाण्यापुरती नाही. तो बोलेनासा होतो, ही मोठी हानी आहे. कचेरीतील लबाडी उघडकीस आणू पाहणारा कारकून वार्ताहरास फोन करण्यापूर्वी दोनदा विचार करतो; अशील वकिलापाशी अर्धेच सांगतो; गावच्या प्रश्नावर अर्ज करण्यास चार माणसे जमवू पाहणारा तरुण तो बेत मनातच ठेवतो. न उच्चारलेल्या या शब्दांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, म्हणून ही हानी कोणास दिसत नाही. एकट्या माणसास गुप्ततेची गरज त्या मानाने थोडी असते. त्याचे विचार त्याच्या डोक्यात सुरक्षितच असतात. गुप्तता लागते ती दोघांना, चौघांना, म्हणजेच संघाला. जी वस्तू आमचे शौकीन संघभावनेच्या विरोधी समजत होते, ती वस्तुतः संघभावनेची पहिली अट आहे.

याविषयी वऱ्हाडास एक आठवण अभिमानाची आणि एक सावधगिरीची आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ज्या देशाने त्यांचे कौतुक केले, तेथे संघभावनेचा उद्घोष तेव्हा शिगेस पोहोचला होता. पण त्याच देशात २८ फेब्रुवारी १९३३ च्या एका हुकुमाने टपाल, तार व टेलिफोन यांच्या गुप्ततेचा नागरिकांचा हक्क तहकूब करण्यात आला होता. जो समाज एकजुटीच्या नावाखाली आपसांतील विश्वासाच्या जागी कानोसा बसवितो, त्याची एकजूट कोणत्या थराला जाते, हे पुढील बारा वर्षांत जगाने पाहिले.

दुसरी आठवण घटना समितीतील आहे. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक उपसूचना मांडली. नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांवर अवाजवी झडती येऊ नये, असा तिचा आशय होता. डॉ. आंबेडकरांनी ती उपयुक्त म्हणून स्वीकारण्याची तयारी दर्शविली. तथापि सभेने अखेर ती नामंजूर केली. जे कलम त्या दिवशी घटनेत आले नाही, त्याचा अर्थ घटनेतून काढण्यास पुढे जवळजवळ सात दशके लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

मध्यंतरीच्या काळात फोन ऐकण्याचा कारभार १८८५ च्या तारेच्या कायद्यावर चालला. त्याच वर्षी मुंबईस राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले. म्हणजे हिंदी लोक एकत्र जमून बोलू लागले, त्याच वर्षी परक्या सरकारने त्यांचे बोलणे मध्येच अडवून पाहण्याचा अधिकार कायद्यात लिहून ठेवला. स्वराज्यात तो अधिकार तसाच राहिला. मुंबईच्या एका लाचेच्या खटल्यात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निरपराध नागरिकाच्या संभाषणास संरक्षण मिळेल, अपराध्यास नाही. ऐकावयास हे योग्यच वाटते. पण मनुष्य अपराधी की निरपराध हे ऐकण्यापूर्वी ठरविणार कोण, हा प्रश्न त्यात तसाच राहतो. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालाने त्यास काही बांध घातले. आज्ञा गृहसचिवांनीच द्यावी, तीस मुदत असावी आणि सचिवांच्या एका समितीने ती तपासावी, असे ठरले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्याच एका प्रकरणातील तीन आज्ञा रद्द केल्या. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कायद्यातील कारणांपैकी एकही तेथे नव्हते. ऐकलेले नष्ट करण्याचीही आज्ञा न्यायालयाने दिली. आता १८८५ च्या कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे आणि त्याखालील नियम २०२४ च्या डिसेंबरात निघाले. आज्ञा एका वेळी साठ दिवसांची आणि सर्व मिळून एकशेऐंशी दिवसांपेक्षा अधिक नाही, ही मर्यादा त्यांत आहे. परंतु आज्ञा देणारेही सरकारचे सचिव आणि ती तपासणारेही सरकारचेच सचिव, ही व्यवस्था कायम आहे.

खेळाच्या भाषेत सांगावयाचे तर येथे एकाच संघाचे गडी खेळत आहेत आणि त्यांचेच वडीलबंधू पंच म्हणून उभे आहेत. ते अप्रामाणिकच असतील असे आमचे म्हणणे नाही. पण सुलतानपूरच्या पटांगणावरील मुलेसुद्धा असा सामना खेळावयास तयार होणार नाहीत. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकावयाचा तर न्यायाधीशाची परवानगी लागते. इंग्लंडात २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या आज्ञेस न्यायिक आयुक्ताच्या संमतीची जोड दिली. वेळ दवडून चालणार नाही असा प्रसंग आलाच, तर आधी ऐकावे आणि ठरलेल्या दिवसांत न्यायाधीशापुढे कारण मांडावे. केवळ न्यायाधीश नेमून भागते असेही नाही. अमेरिकेतील एका गुप्तपणे चालणाऱ्या न्यायालयाच्या संमतीनेच कोट्यवधी लोकांच्या फोनच्या नोंदी गोळा होत होत्या, हे २०१३ मध्ये उघड झाले. पंच पटांगणात सर्वांस दिसेल असा उभा राहिला पाहिजे, आणि काम संपल्यावर, जेथे तपासास बाध येणार नाही तेथे, ज्याचे ऐकले त्यास तसे कळविले पाहिजे. एवढे झाले तर राज्याचे कान शाबूत राहतील आणि नागरिकाची जीभही.

सरकारला उपदेश करून झाल्यावर आम्हांस आमच्या वाचकांकडे, आणि स्वतःकडेही, वळले पाहिजे. मुलगी गच्चीवर जाऊन हळू बोलू लागली की आपले कान टवकारतात. मुलगा स्नानास गेला की त्याचा फोन सहज हाती घेणारे आईबाप आपल्या ओळखीत थोडे नाहीत. कारण विचारले तर तेही तेच सांगतात की, आम्ही काय परके आहोत? लपविण्यासारखे असतेच कशाला? मुलांवर लक्ष असावे, यात शंका नाही. संकटाची खरी चिन्हे दिसली तर विचारावे, समोर बसवून विचारावे. परंतु विचारणे आणि चोरून ऐकणे यांत फार अंतर आहे. ज्या घरात मुले कानोशाला सरावून वाढतात, त्या घरातील नागरिक पुढे सरकारच्या कानोशावर हरकत घेत नाहीत. त्यांस ते प्रेमाचेच रूप वाटते. ही सवय आमच्याही घरात होती, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटतो. पण कबूल न करता हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे झाले असते.

त्या सायंकाळी आम्हांस न सुचलेले उत्तर, आता वाटते, आमच्या त्या शौकीन मित्रांनी स्वतःच आधी देऊन ठेवले होते. मागे पाहत बसणाऱ्या गड्यास उठावयाला वेळ लागतो. पाठीमागे कोण आहे या चिंतेने ज्याची मान सतत वळलेली, तो खो ऐकूनही वेळेवर धावू शकत नाही. राष्ट्रास हाकेसरशी उठणारे गडी हवे असतील, तर त्यांस पाठ निर्धास्त ठेवून बसता येईल अशी व्यवस्था करणे हे राष्ट्राचेच काम आहे.