दुसरी प्रत कुठे आहे?

28 जुलै 1997 च्या रात्री अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स शहरात स्प्रिंग क्रीक हा ओढा पात्र सोडून वाहू लागला. शहराच्या काही भागात 31 तासांत सुमारे साडेचौदा इंच पाऊस झाला आणि पाच जणांचा जीव गेला. तिथल्या कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या मॉर्गन ग्रंथालयात त्या काळात नूतनीकरणाचे काम चालू होते. पाण्याने तळघराची भिंत फोडली आणि चार लाखांहून अधिक ग्रंथ व नियतकालिकांचे बांधीव खंड भिजले.

अशा वेळी ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून आपण मोकळे होतो. पाऊस निसर्गाने पाडला हे खरे, पण खंड तळघरात ठेवले ते माणसांनी. कागदाचे वजन फार, जुने अंक मागणारे थोडे, आणि वर अभ्यासिकेला उजेडाची जागा हवी. सुटा पाहिला तर यातला प्रत्येक विचार शहाणपणाचाच वाटतो. त्यांची बेरीज मात्र अशी होते, की ज्याला मागणी कमी ते सर्वांत खाली जाते. मागणी आणि मोल यांची ही गल्लत पूर येईपर्यंत कुणाला टोचत नाही.

ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, गुळगुळीत पाने एकमेकांना चिकटतात. म्हणून भिजलेले खंड गोठवून ठेवले गेले आणि नंतर निर्वात कक्षात वाळवले गेले. तिथे बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते. दरम्यान वाचकांची निकड भागवण्यासाठी इतर ग्रंथालयांकडून लेख झटपट मागवावे लागले. त्या गरजेतूनच ‘रॅपिड’ ही आंतरग्रंथालयीन देवघेवीची यंत्रणा उभी राहिली. देणगीदाखलही खंड आले. मॉर्गन सावरले, कारण त्याने गमावलेले बरेचसे आणखी कुठेतरी शाबूत होते.

ऑक्टोबर 2004 मध्ये हवाई विद्यापीठाच्या हॅमिल्टन ग्रंथालयात मानोआ ओढ्याचे पाणी शिरले, तेव्हा सरकारी दस्तऐवजांबरोबर नकाशे आणि पॅसिफिक बेटांची हवाई छायाचित्रेही भिजली. छापील नियतकालिकाचा अंक दुसरीकडे मागता येतो. एकमेव छायाचित्र कुणाकडे मागणार?

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बोचरा आहे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचे. 2005 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये तिथे पुराचे पाणी शिरले. गावोगावच्या अशा संस्थांत स्थानिक नियतकालिके, स्मरणिका, हस्तलिखिते असतात. त्यांची दुसरी प्रत आहे की नाही, याची नोंदच बहुधा नसते.

यावर ‘सगळे स्कॅन करा’ हे उत्तर हमखास मिळते. पण सगळे एकदम होत नाही. आधी काय, हे ठरवावेच लागते. शिवाय स्कॅन त्याच इमारतीतल्या संगणकात राहिले, तर पुराला दोन्ही एकाच फेरीत सापडतात.

विमा किंमत देतो, एकमेव प्रत परत देत नाही. म्हणून वार्षिक ग्रंथपडताळणीत एक रकाना वाढवावा: याची प्रत अन्यत्र आहे का? ‘नाही’ असे उत्तर येईल ते सर्वांत वरच्या मजल्यावर जावे आणि त्याचेच स्कॅनिंग सर्वांत आधी व्हावे, मग ते वर्षभरात कुणी उघडले असो वा नसो. या कामाला नवी इमारत लागत नाही. आपला संग्रह ओळखणारा ग्रंथपाल मात्र लागतो, आणि त्याचे पद रिकामे ठेवणाऱ्यांना पुराला दोष देण्याचा अधिकार नाही.