ळकार-विचार : अक्षर ही ठेव की धन?

विषय

मराठी वर्णमाला म्हणताना बालक 'क'पासून निघते, 'ह'पाशी येते आणि मग 'ळ' उच्चारते. 'य, र, ल, व' या ओळीत 'ल'च्या शेजारी ज्याला जागा मिळावयास हवी होती, त्याला अगदी शेवटी, 'क्ष' आणि 'ज्ञ' या जोडाक्षरांच्या उंबरठ्यावर बसविले आहे. याचे कारण असे, की आपल्या वर्णमालेची मांडणी संस्कृताची आहे आणि पाणिनीच्या वर्णसमाम्नायात 'ळ' नाही. मांडणी ठरून गेल्यावर आलेल्या अतिथीप्रमाणे तो पंक्तीच्या टोकाला बसला. परंतु मराठीच्या घरात हा अतिथी खरोखर परका आहे काय? मूळ, फळ, काळ, वेळ, कुळ, डोळा, गळा, शाळा, मेळा, केळ, बाळ, माळ हे शब्द बाजूला काढले तर मराठी मनुष्याला दिवसभराचा व्यवहारही चालविता येणार नाही.

पंथीय वाङ्मयाकडे दृष्टी वळविली तर या अक्षराचे स्थान अधिकच स्पष्ट होते. लीळाचरित्र, स्मृतिस्थळ, विचारस्थळ, आचारस्थळ या नावांत तो आहे. सकळ लिपीत तो आहे आणि ती लिपी सिद्ध करणाऱ्या रवळोबासांच्या नावातही तो आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात जयदेववाडी येथे सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेले म्हणून जे स्थान पूजिले जाते, त्याचे नाव 'जाळीचा देव'. जाळी म्हणजे झाडाझुडपांची दाटी. या नावाचा आधारही हे एक अक्षरच आहे.

उत्पत्ती

'ळ'चा उच्चार मूर्धन्य आहे. जिभेचे टोक मागे वळून टाळूच्या कठीण भागाला निसटता स्पर्श करते आणि खाली येते. हा ध्वनी भारतीय भाषांत फार जुना आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'ईळे' हे क्रियापद येते. शाकल शाखेच्या पाठात दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'ड'चा 'ळ' होतो आणि 'ढ'चा 'ळ्ह' होतो. पुढे अभिजात संस्कृताने हा ध्वनी टाकला, परंतु पालीने तो राखला. नाशिकच्या लेण्यांत वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे जे प्राकृत लेख आहेत, त्यांत त्या राजाचे नाव ळकारानेच कोरलेले आहे. म्हणजे गोदावरीच्या प्रदेशात या अक्षराला सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा शिलालेखीय आधार आहे.

मराठीतील 'ळ' मात्र सर्वस्वी वैदिक 'ळ'चा वंशज नव्हे. गुड–गूळ, षोडश–सोळा, दाडिम–डाळिंब या शब्दांत तो 'ड'पासून आला हे खरे. परंतु त्याचे मोठे कुटुंब 'ल'पासून वाढले आहे. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठीविषयक ग्रंथात ज्या ध्वनिनियमांचा ऊहापोह केला, त्यांपैकी हा एक होय. शब्दाच्या आरंभी आलेला 'ल' तसाच राहतो. दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला 'ल' मराठीत 'ळ' होतो. प्राकृतात ज्या 'ल'चे द्वित्त झाले होते, त्याचा मात्र मराठीत साधा 'ल' उरतो.

हा नियम चार जोड्यांनी ध्यानात येतो. संस्कृत 'काल' याचा मराठीत 'काळ' झाला, आणि 'कल्य' याचे प्राकृतात 'कल्ल' होऊन मराठीत 'काल' झाले. 'वेला' हिची 'वेळ' झाली, 'वल्ली'ची 'वेल' झाली. 'मूल' याचे 'मूळ' झाले, 'मूल्य' याचे 'मोल्ल' होऊन 'मोल' उरले. 'गल' याचा 'गळा' झाला, 'गल्ल' याचा 'गाल' झाला. काल आणि काळ, वेल आणि वेळ यांतील भेद कोणा व्याकरणकाराने लहरीने पाडलेला नाही. दोन भिन्न शब्द दोन भिन्न वाटांनी आले आणि प्रत्येकाने आपल्या वाटेची खूण अंगावर राखली.

या दृष्टीने 'लीळा' हा शब्द मननीय आहे. त्यात दोन लकार होते. पहिला आरंभी होता म्हणून 'ल' राहिला, दुसरा स्वरांमध्ये होता म्हणून 'ळ' झाला. एकाच शब्दात नियमाची दोन्ही अंगे दिसतात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ज्या ग्रंथाची सिद्धता केली, त्याच्या नावातच मराठीच्या घडणीचा असा पुरावा आहे. पुढे संस्कृताच्या प्रभावाने 'लीला', 'सकल', 'शीतल', 'निर्मल' ही रूपे लेखनात परत आली. ती अशुद्ध नव्हेत, पण ती मागाहून आणलेली आहेत, हे विसरू नये.

संशय

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जाळीच्या देवाला येणाऱ्या यात्रेकरूंत खानदेशाचे व वऱ्हाडाचे लोक पुष्कळ असतात. त्यांच्या बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. डोळा हा 'डोया' होतो, केळी 'केयी' होते, शाळा 'शाया' होते आणि जाळी ही 'जायी' होते. उत्तर कोकणातील आगरी-कोळी बोलींत तोच डोळा 'डोला' होतो. याच स्थानी पंजाबातूनही उपदेशी येतात. पंथ पंजाबात, आणि त्याही पलीकडे पेशावर-काबूलपर्यंत गेला होता आणि तेथे 'जयकृष्णी' या नावाने ओळखला गेला. या पंजाबी मनुष्याच्या तोंडी 'ळ' सहज असतो. तो 'फळ' म्हणतो, 'सह' या अर्थाने 'नाळ' म्हणतो, मानेला 'गळ' आणि गोष्टीला 'गल्ल' म्हणून आपल्या मराठीचाच नियम पाळतो. पण त्याच्या गुरुमुखीच्या परंपरागत पस्तीस अक्षरांत 'ळ' नाही. 'ल'खाली बिंदू देऊन तो दाखविण्याची रीत मागाहून आली आणि ती आजही सर्वत्र पाळली जात नाही.

एकाच देवळाच्या दारात असे दोन भक्त उभे राहतात. एकाच्या हाती अक्षर आहे, जिभेवर नाही. दुसऱ्याच्या जिभेवर आहे, हाती नाही. यांतील कोणी दोषी म्हणावा काय? अक्षर बदलणे हा अपराध आहे की नाही? असल्यास कोणाचा, आणि कोणत्या ठिकाणी?

पूर्वपक्ष

या विषयात दोन मते संभवतात. पहिले मत असे. शब्द हा अर्थाचा देह आहे. देहाचे एक अंग बदलले तर देह तोच राहत नाही. ज्या शब्दांनी ज्ञान निरूपिले, ते शब्द अक्षरशः राखले पाहिजेत. म्हणून जो 'जाळी'ला 'जायी' म्हणतो, त्याला प्रत्येक वेळी टोकून सुधारावे. लहानपणी सुधारले नाही तर वाणी कायमची बिघडते.

दुसरे मत याच्या उलट आहे. अक्षर हे केवळ वाहन आहे. गावाला पोचल्यावर गाडीचा रंग कोण पाहतो? 'काल देव पाहिला' आणि 'काळ कठीण आला' यांत 'ल' आणि 'ळ' परस्परांच्या जागी लिहिले तरी ऐकणारा संदर्भाने अर्थ घेतोच. हिंदी, बंगाली व असमिया या भाषांचा व्यवहार 'ळ'वाचून उत्तम चालला आहे. मग एका अक्षरासाठी एवढा आग्रह कशासाठी?

उत्तरपक्ष

दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे, परंतु दोहोंनी एक भेद दृष्टीआड केला आहे. तो भेद ठेव आणि धन यांचा होय. मनुष्याची बोली हे त्याचे धन आहे. ते त्याला आईपासून मिळाले, तो ते वापरतो आणि आपल्या मुलांना देतो. त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार इतरांना नाही. पोथी मात्र लेखकाची नव्हे. ती त्याच्या हाती दिलेली ठेव आहे. ठेवीत नाणे जसे आले तसेच परत करावे लागते. आपल्या गावी दुसरे नाणे चालते म्हणून ते बदलता येत नाही.

संदर्भाने अर्थ कळतो असे दुसरे मत म्हणते. परंतु संदर्भ कळतो तो जाणत्याला. बोलणारा समोर असतो, शंका आली तर विचारता येते. पोथीचा वाचक पाचशे वर्षांनी येतो आणि लिहिणारा समोर नसतो. त्याच्यापाशी अक्षरावाचून दुसरे साधन नाही. याचे कठोर उदाहरण सकळ लिपीचे आहे. चौदाव्या शतकात रवळोबासांनी ही लिपी योजिली. तीत काही अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे आणि काहींसाठी निराळी चिन्हे येतात. अशा लिपीत एक चिन्ह चुकले तर ते 'अशुद्ध ळ' होत नाही. ते एखादे भलतेच अक्षर होते आणि शब्दच नाहीसा होतो. तरीही ही ठेव शतकानुशतके हातोहात चालत आली. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना या लिपीची उकल करता आली. नकला करणाऱ्यांत खानदेश-वऱ्हाडकडचे हातही असणारच. बोलताना 'डोया' म्हणणाऱ्यानेही लिहिताना 'डोळा' लिहावयाचा, ही त्या कामाची अट होती. ती पाळणे हे केवळ विद्वत्तेचे काम नव्हे, ते प्रामाणिकपणाचे काम आहे.

आता पहिल्या मताचा विचार करू. अक्षर राखावे हे त्याचे म्हणणे खरे, पण त्यासाठी माणसाला लज्जित करावे हे त्यातून निघत नाही. 'शाया' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसले जाते, तेव्हा त्याला 'ळ' येत नाही. त्याला एवढेच कळते, की आपल्या आईची भाषा हीन आहे. मग तो दोनपैकी एक गोष्ट सोडतो, एकतर बोलणे किंवा घर. या हानीची भरपाई कोणत्याही शुद्ध उच्चाराने होत नाही.

येथे स्मृतिस्थळातील प्रसंग स्मरणीय आहे. पंडित केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले असता श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. संस्कृतामुळे साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण होते. ज्या मार्गाने पंडितांची भाषा सोडून लोकांची भाषा स्वीकारली, त्याच मार्गात त्या लोकभाषेच्या एका अक्षरावरून एखाद्या वृद्धेला मागे सारणे हे विसंगत ठरेल. भाषा ज्यांच्यासाठी निवडली, त्यांनाच भाषेच्या नावाने परीक्षेस बसवू नये.

प्रतिपक्षाची शंका

कोणी म्हणेल, हा न्याय घरापुरता ठीक आहे, पण हिंदी लेखक टिळकांना 'तिलक' आणि केरळाला 'केरल' करतात त्याचे काय? येथेही तोच भेद लागू करावा. हिंदी भाषकाच्या जिभेला 'ळ' वळत नसेल तर त्याचा उच्चार क्षम्य आहे. परंतु नाव ही नावाच्या धन्याची वस्तू आहे, लिहिणाऱ्याजवळ ती ठेव असते. देवनागरीत 'ळ'चे चिन्ह तयार असताना लेखनात ते गाळणे योग्य म्हणता येत नाही.

मात्र दुसऱ्याकडे मागणी करण्यापूर्वी आपले देणे पाहावे. गुजराती, राजस्थानी, ओडिया, कन्नड, तेलुगू, मल्याळम आणि तमिळ या भाषांत 'ळ' आहे. तमिळ आणि मल्याळम यांत त्याशिवाय आणखी एक निराळा ध्वनी आहे. तो 'ल' नव्हे आणि 'ळ'ही नव्हे. 'तमिळ' या नावाच्या अंती तोच ध्वनी येतो. मराठी मनुष्य तो 'ळ' म्हणून लिहितो आणि निश्चिंत होतो. 'ळ'खाली बिंदू देऊन 'ऴ' हे अक्षर देवनागरीत योजिलेले आहे, संगणकाच्या वर्णसंचातही त्याला स्वतंत्र स्थान आहे, पण मराठी लेखनात ते क्वचितच दिसते. 'तिलक' वाचून ज्याला दुःख होते, त्याने 'तमिळ' लिहिताना तमिळ भाषकाचे दुःख जाणावे. जो न्याय मागावयाचा तो आधी द्यावयाचा असतो.

निर्णय

म्हणून निर्णय असा. लिहिणाऱ्याने, नकलणाऱ्याने आणि छापणाऱ्याने 'ळ'चा 'ळ'च राखावा. 'लीळा' असेल तेथे 'लीला' करू नये आणि 'लीला' असेल तेथे 'लीळा'ही करू नये. जे आले ते तसेच पुढे द्यावे. शिकविणाऱ्याने 'ळ' शिकवावा, पण विद्यार्थ्याच्या घरच्या बोलीला अपशब्द म्हणू नये. उलट 'डोळा' आणि 'डोया' ही दोन्ही रूपे दाखवून त्यांचे नाते सांगावे. आपल्या बोलीचा नियम कळलेला विद्यार्थी लेखनाचा नियम लवकर शिकतो. ऐकणाऱ्याने जीभ तपासू नये, अर्थ घ्यावा.

आपल्या पंक्तीत 'ळ' शेवटी बसला आहे, तरी जेवण त्याच्यावाचून पुरे होत नाही. जाळीच्या देवाच्या पायरीवर वऱ्हाडची वृद्धा 'जायीचा देव' म्हणून मस्तक ठेवते आणि तिच्या शेजारी पंजाबचा उपदेशी स्वच्छ 'जाळी' म्हणतो. दोघांचे जाणे एकाच ठिकाणी आहे. पाटीवर मात्र 'जाळी'च लिहिलेले असावे, म्हणजे उद्या येणाऱ्या तिसऱ्याला वाट सापडेल.