कानावरची खाच

गल्लीतल्या कुत्र्याचा कान कधी निरखून पाहिलाय? टोकाशी छोटीशी खाच असेल, तर त्याची नसबंदी झाली आहे असं समजा.

१८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या हुकमाविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. तरीही पुढे कित्येक दशकं कुत्री मारली गेली आणि संख्या काही आटोक्यात आली नाही. कुत्री जातात, उकिरडा तिथेच राहतो आणि रिकाम्या जागी दुसरी येऊन वितात. म्हणून २००१च्या केंद्रीय नियमांनी वेगळी वाट धरली: पकडा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस टोचा, त्याच जागी सोडा.

मांजरीचं तर विचारूच नका. पाच-सहा महिन्यांची झाली की ती गाभण राहू शकते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. मंडईच्या फाटकाशी खोक्यात डोळेही न उघडलेली पिल्लं दिसतात, ती बरेचदा कुणाच्या तरी घरचीच असतात. पण नसबंदीचा खासगी दवाखान्यातला खर्च धुणीभांडी करणाऱ्या बाईला झेपणार कसा? वॉर्डावॉर्डात स्वस्त शिबिरं हवीत, जखम भरेपर्यंत जनावराला ठेवायला स्वच्छ पिंजरे हवेत. यावर पैसा खर्च व्हायलाच हवा.

आपल्या गल्लीत खाच नसलेली कुत्री दिसली, तर महापालिकेला कळवा. गाडी येईल तेव्हा रोज भाकरी घालणारं माणूस जवळ असू द्या. त्याच्या हाकेला कुत्री निमूट येतात.