पेटीचा स्वधर्म

स्वधर्म जन्माने ठरतो की आचरणाने, हा वाद आपल्याकडे गीतेवरच्या टीकांइतकाच जुना आहे. तो तपासायला मला पेटी पुरते. या वाद्याचे कूळ परके आहे यात शंका नाही. अलेक्झांद्र दबँ याने 1842 साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. कोलकात्याच्या कारागिरांनी पायभाता काढून हातभाता बसवला आणि पेटी मांडी घालून बसणाऱ्याच्या पुढ्यात आली. तरीही 1940 साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती बंदी 1971 पर्यंत टिकली. आक्षेप खोटा नव्हता. पट्टीमागचा सूर एका जागी बांधलेला असतो, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, आणि बारा समान भागांच्या सप्तकात गंधार नेमका लागत नाही. पण या खऱ्या आक्षेपातून काढलेला निष्कर्ष असा होता की जे जन्मतः परके, ते रागाला कायमचे परके. मला चूक दिसते ती इथे.

ही चूक दाखवणारा प्रयोग आपल्याच मुलखात झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने श्रुती मोजल्या आणि 1910 साली पुण्यात त्यावर पुस्तक छापले. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साह्याने बावीस श्रुतींची पेटीही तयार झाली. म्हणजे वाद्याचा जन्मच दुरुस्त करायचा बेत होता. बेत प्रामाणिक होता, मेहनत अफाट होती, पण मैफलीत ती पेटी रुजली नाही. रुजली ती साधीच, बारा सुरांची. आधी गोविंदराव टेंबे आणि पुढे मधुकर पेडणेकर यांच्या बोटांनी ती रुजवली. भात्याचा दाब, कणस्वर, एक पट्टी सुटायच्या आत दुसरी धरणे, यांतून मींड नसतानाही मींडेचा भास उभा राहतो. यंत्र बदलून जे साधले नाही, ते रियाजाने साधले.

पेडणेकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांच्यात हा प्रश्न दुप्पट होतो, कारण वाद्य परके आणि वादकही गाव सोडलेला. ते 1934 साली गोव्यात बोरीला जन्मले. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, त्यामुळे पुण्याकडे येणे ही त्या काळी एका सत्तेतून दुसऱ्या सत्तेत जाण्याची वाट होती. पुण्यात छोटा गंधर्वांच्या नाटकांना साथ करत त्यांचा हात घडला आणि पुढे त्यांनी स्वतःही शिष्य घडवले. त्यांचे घर कोणते म्हणायचे? माझ्या मते परंपरेचा वारसदार होण्यासाठी तिच्या मुळाशी जन्मावे लागत नाही. तिचे ऋण मानावे लागते आणि ते पुढच्याला शिकवून फेडावे लागते. ऋषिऋणाची आपली कल्पनाही अध्ययन-अध्यापनाचीच आहे.

यावर कुणी म्हणेल की गीतेतला स्वधर्म वर्णाला बांधलेला आहे आणि मी त्याला सोयीचा अर्थ चिकटवतो आहे. आक्षेप वजनदार आहे, कारण ज्ञानेश्वरीतही तो अर्थ ठायी ठायी आहे. मात्र ती सांगणारा आळंदीचा मुलगा संन्याशाचे पोर म्हणून वाळीत पडलेला होता, आणि 1290 च्या त्याच्या ग्रंथाला अधिकार मिळाला तो कुळामुळे नव्हे, कर्तृत्वामुळे. ग्रंथ काय म्हणतो आणि ग्रंथकर्त्याचे आयुष्य काय दाखवते, यांत तफावत असेल, तर मी आयुष्याची साक्ष वरचढ मानतो. दुसरा आक्षेप, गाव सोडण्याबद्दलचा, मला खोडता येत नाही. मोगूबाई, केसरबाई, दीनानाथ अशी गाणारी माणसे एकामागून एक गोव्याबाहेर गेली आणि गोव्याने पुष्कळ गमावले. जाणाऱ्याला नवे घर मिळते, पण सोडलेल्या घराची उणीव त्याने भरून निघत नाही. स्थलांतराचे कौतुक करताना हा हिशेब झाकू नये.

बोरकरांना 2016 साली पद्मश्री मिळाली. 29 सप्टेंबर 2018 रोजी त्यांचे निधन झाले. पॅरिसमध्ये जन्मलेल्या त्या पेटीचे सूर आता गुजरातेत पालिताण्याला घडतात.