तारीख असलेली बंदी

१४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने जीवनावश्यक वस्तू कायद्यातील दुरुस्ती मंजूर केली. धान्य, डाळी, तेलबिया, कांदा आणि बटाटा यांच्या साठ्यावर यापुढे ऊठसूट मर्यादा घालता येणार नाहीत, असे ती दुरुस्ती सांगत होती. कांद्यासारख्या बागायती पिकाचा किरकोळ भाव दुप्पट झाला तरच साठामर्यादा लागू करता येईल, असा आकडाही कायद्यात घातलेला होता. एका दिवशी बंदी आणि दुसऱ्या दिवशी मुक्ती, अशा दोन्ही बातम्या चोवीस तासांत नाशिक जिल्ह्यात पोहोचल्या. तोवर न्हावाशेवाच्या बंदरात कांद्याचे कंटेनर आणि बांगलादेशच्या सीमेवर कांद्याचे ट्रक अडकून पडले होते. दीड महिन्याच्या आतच, २३ ऑक्टोबरला, साठामर्यादाही परत आली: घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन.

संकटकाळात सरकारने शेतमालाच्या बाजारात हात घालावा की नाही, यावर महाराष्ट्रात चार दशकांहून अधिक काळ वाद चालू आहे. त्या वादातला ‘की नाही’ आता सोडून द्यावा, असे मला वाटते. दुष्काळ, महामारी, युद्ध, परदेशी आयातशुल्काचा तडाखा अशा प्रसंगी कोणतेही सरकार हात घालणारच, आणि काही वेळा त्याने तो घातलाच पाहिजे. आपण विचारायचे ते वेगळे आहे. या हस्तक्षेपाचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, तो कोणत्या हिशेबात लिहिला जातो आणि ज्याच्या खिशातून जातो त्याला तो किती आधी सांगितला जातो?

साठवणाऱ्याची शिक्षा

कांद्याच्या बाबतीत या प्रश्नांचे उत्तर शोधायचे तर आधी त्याचे वेळापत्रक पाहावे लागते. देशातील सुमारे सत्तर टक्के कांदा रब्बीचा, म्हणजे आपला उन्हाळ कांदा. डिसेंबर-जानेवारीत लावणी होते आणि मार्चअखेर ते मे या काळात काढणी. टिकतो तो हाच. शेतकरी तो चाळीत भरतो आणि ऑक्टोबरपर्यंत थोडा थोडा बाजारात आणतो. या पाच-सहा महिन्यांत वजन घटते, काही कांदा सडतो, काहीला कोंब येतात. पाव हिस्सा गेला तरी नवल वाटत नाही. ही घट, चाळीचा खर्च आणि पैसे अडकून पडल्याचे व्याज शेतकरी सोसतो, कारण श्रावण-भाद्रपदात चार पैसे जास्त मिळतील अशी त्याला आशा असते. पावसाळ्यात मुंबई-दिल्लीच्या स्वयंपाकघरात कांदा असतो तो या आशेमुळे. देशाच्या वतीने कांद्याचा साठा राखण्याचे काम बहुतांशी हा शेतकरीच करतो.

२०२३चा ऑगस्ट हा १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. खरिपाचा कांदा उशिरा आणि कमी येणार हे दिसू लागले, भाव हलू लागले आणि १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क लागू झाले. नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य आले आणि ८ डिसेंबरपासून संपूर्ण बंदी. ती ३१ मार्चला संपणार होती. मुदत संपण्याआधीच पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. अखेर ४ मे २०२४ला, लोकसभेच्या निवडणुकीचे मतदान चालू असताना, ५५० डॉलरच्या किमान मूल्याची आणि ४० टक्के शुल्काची अट ठेवून ती उठली. शुल्क पूर्णपणे जायला १ एप्रिल २०२५ उजाडले.

कागदावर हे शुल्क निर्यातदार भरतो. प्रत्यक्षात तो लासलगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या लिलावात आपली बोली तेवढी खाली आणतो. ऑगस्टच्या शुल्काचा मार बसला तो मे महिन्यापासून जोखीम घेऊन कांदा राखणाऱ्यांना. डिसेंबरच्या बंदीचा मार बसला तो खरिपाच्या लाल कांद्याला, जो साठवताच येत नाही. काढला की मिळेल त्या भावाने विकावा लागतो. ज्याने साठवले त्याला शिक्षा आणि ज्याला साठवणे शक्य नाही त्यालाही शिक्षा, असा हा हिशेब झाला. त्यातून शेतकरी एकच धडा घेतो: पुढच्या वर्षी चाळ भरण्यापेक्षा मेमध्येच मोकळे व्हावे. असे बहुतेकांनी केले की ऑक्टोबरात टंचाई वाढते आणि पुढच्या बंदीची जमीन तयार होते. भाव आवरण्यासाठी आखलेले धोरण अशा रीतीने पुढच्या भाववाढीचे बी पेरते.

अंदाजपत्रकात न दिसणारा कर

सरकारची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. २०२२चा मार्च असाच विक्रमी उष्ण होता. ओंबीत दाणा भरण्याच्या वेळी उत्तर भारतात गहू होरपळला. युक्रेनमधील युद्धामुळे बाहेर भाव चढलेले होते. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांच्या आसपास आली. अशा वेळी, १३ मे २०२२ रोजी, गव्हाची निर्यात थांबवणारे सरकार निव्वळ लहरीने वागले असे म्हणता येणार नाही. ज्याच्या मजुरीतला निम्मा पैसा अन्नावर जातो, त्याच्या ताटाची काळजी राज्यकर्त्यांनी घ्यायचीच असते. १९४३च्या बंगालमध्ये सरकारने ती घेतली नाही आणि लाखो माणसे मेली. शिवाय शेतमजूर आणि कोरडवाहू अल्पभूधारक हेसुद्धा बाजारातून अन्न विकत घेणारेच असतात. निर्बंध कधीच नकोत, हे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही.

पण गरिबाच्या ताटाची काळजी घेण्याचे दोन मार्ग आहेत. टाळेबंदी सुरू झाल्यावर, २६ मार्च २०२० रोजी, सरकारने सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो जादा धान्य फुकट देण्याची घोषणा केली. गोदामे भरलेली होती, ते धान्य शेतकऱ्याकडून हमीभावाने घेतलेले होते आणि त्याचा खर्च देशाच्या अंदाजपत्रकात लिहिला गेला. संसदेत त्यावर बोलता आले, वर्तमानपत्रांना तो मोजता आला. हा पहिला मार्ग. दुसरा मार्ग निर्यातबंदीचा. शहरातल्या ग्राहकाला मिळालेली सवलत येथेही कोणीतरी देतोच, पण ती थेट शेतकऱ्याच्या लिलावाच्या पट्टीतून वजा होते. त्या वजावटीला लेखाशीर्ष नाही, तिच्यावर मतदान नाही. श्रीमंत घरातल्या कांद्यालाही ती तितकीच सवलत देते आणि तिचा बोजा चांदवड, येवला, निफाडच्या दोन-तीन एकरवाल्यावर पडतो.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून हाच मुद्दा लावून धरला होता. शेतीला अनुदान मिळते असा समज सगळीकडे असताना, भारतीय शेतकऱ्याच्या वाट्याला उणे सबसिडी येते हे त्यांनी आकड्यांनी मांडले. आज ओईसीडीसारखी संस्थाही व्यापारावरील निर्बंधांमुळे भारतीय शेतकऱ्यावर मोठा अप्रत्यक्ष कर बसतो असे दाखवते. जोशींचा निष्कर्ष बाजार पूर्ण मोकळा करा असा होता. मी तेथवर जात नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे. हा कर घ्यायचाच असेल तर तो उघडपणे घ्या आणि त्याची पावती द्या.

हा प्रकार कांद्यापुरता नाही. अमेरिकेने भारतीय मालावर लावलेले ५० टक्के शुल्क २७ ऑगस्ट २०२५ला लागू झाले आणि कापड निर्यातदार अडचणीत आले. त्यांना दिलासा म्हणून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ झाले. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात वेचणी होऊन नवा कापूस बाजारात यायचा, नेमका तेवढा काळ. गिरणीची अडचण खरी होती. तिचा उपाय सरकारी तिजोरीतून करता आला असता. तो कापूस पिकवणाऱ्याच्या भावातून केला गेला.

किनाऱ्यावर उशिरा पोहोचणारे सरकार

अडचणीच्या काळात कोण आधी आठवते आणि कोण नंतर, यावरूनही धोरणाची दृष्टी कळते. २४ मार्च २०२०च्या टाळेबंदीच्या आदेशात मासळीची दुकाने चालू ठेवण्यास परवानगी होती. शेतीच्या कामांना तीन दिवसांनी, २७ मार्चला, सूट मिळाली. समुद्रातील मासेमारीला ती मिळाली १० एप्रिलला. मधले दोन आठवडे मासे विकणे कायदेशीर होते आणि ते पकडण्याबद्दल आदेशात शब्द नव्हता.

परवानगी आल्यावरही होडी लगेच सुटत नाही. बर्फाचा कारखाना चालू असावा लागतो, डिझेल लागते, खलाशी लागतात. ते तोवर पालघरच्या पाड्यांवर, कोकणातल्या गावी किंवा थेट नेपाळला परतलेले असतात. धक्क्यावर माल उतरला तर उचलायला ट्रक आणि घ्यायला बाजार लागतो. उन्हाळ कांदा निदान पाच महिने थांबतो. बर्फ नसेल तर बांगडा दिवसभरही थांबत नाही. या साखळीतली एक कडी बंद असेल तर बाकीच्या सगळ्या सवलती कागदावरच राहतात. त्या हंगामाची भरपाई म्हणून केंद्राने आपल्या अखत्यारीतील समुद्रात पश्चिम किनाऱ्याची पावसाळी बंदी ६१ दिवसांवरून ४७ दिवसांवर आणली, ती १५ जूनपासून. पण ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, होड्या फुटल्या. वाढवून दिलेले दिवस वादळाने घेतले. महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला तो एप्रिल २०२५मध्ये. सातशे किलोमीटरहून लांब किनारा असलेल्या राज्यात हा निर्णय व्हायला इतकी वर्षे लागावीत, यातच किनाऱ्याचे रांगेतले स्थान दिसते.

६१ दिवसांचा धडा

आणि तरीही चांगल्या धोरणाचा नमुना मला याच किनाऱ्यावर दिसतो. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. उत्पादकाच्या रोजीरोटीवरचा याहून कडक निर्बंध शोधून सापडणार नाही: दोन महिने कामच बंद. तरी या बंदीविरुद्ध रास्ता रोको होत नाही. उलट लहान मच्छीमारांच्या संघटना ती १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, अशी मागणी करत आल्या आहेत.

याची कारणे साधी आहेत. बंदीची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते, म्हणून होडी कधी ओढायची, जाळी कधी विणायची, कर्जाचा हप्ता कधी फेडायचा हे ठरवता येते. तिचे कारण मच्छीमाराला पटलेले असते: माशांच्या विणीचा हा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. तिचा लाभ शेवटी त्यालाच मिळतो. आणि या दिवसांसाठी अपुरी का होईना, बचत-नि-मदतीची योजना आहे: गरीब मच्छीमाराने १,५०० रुपये साठवायचे आणि सरकारने त्यात ३,००० घालायचे. रक्कम तुटपुंजी आहे, पण बंदी घालणाऱ्याने थोडा तरी भार उचलायचा हे तत्त्व तीत मान्य झाले आहे.

कांद्यावरच्या बंदीत यांपैकी एकही गोष्ट नाही. ती रात्रीतून येते, संपायची तारीख पाळत नाही आणि तिचा मोबदला कोणी देत नाही. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव कोसळले तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. पण ते मिळण्यासाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद हवी होती, आणि ती नसलेले अनेक जण महिनोन्‌महिने खेटे घालत राहिले. निर्बंध अधिसूचनेच्या वेगाने येतो आणि मदत पंचनाम्याच्या वेगाने, हे आपल्या धोरणातले सर्वांत मोठे अन्यायाचे कलम आहे.

अचानकपणाची किंमत देशालाही पडते. २००८मध्ये जगात भाताचे पीक बुडालेले नव्हते. भारत, व्हिएतनाम यांनी निर्यात रोखली, फिलिपिन्सने घाबरून खरेदी केली आणि काही महिन्यांत थायलंडच्या तांदळाचा भाव जवळपास तिप्पट झाला. मे महिन्यात जपान आपल्याकडचा साठा बाहेर काढणार, एवढी बातमी आली आणि भाव उतरू लागले. संकटात बाजार शब्दावर चालतो. ज्याचा शब्द उद्या बदलेल असे वाटते, त्याच्याकडून माल घेणारे दुसरा विक्रेता शोधतात. आपला कांदा सर्वांत जास्त घेत आलेला बांगलादेश बंदीचे फटके खाल्ल्यावर स्वतःच्या शेतात कांदा वाढवायला लागला. आखाती बाजारात आपली जागा पाकिस्तानी आणि इजिप्तच्या कांद्याने घेतली. बंदी उठते, पण गेलेले गिऱ्हाईक त्याच दिवशी परत येत नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट, नियम आधी जाहीर करावा. २०२०च्या दुरुस्तीत भाववाढीचा आकडा होता. कृषी कायद्यांबरोबर तीही २०२१मध्ये रद्द झाली आणि त्यातला हा एक चांगला विचारही वाहून गेला. तो परत आणावा आणि निर्यातीलाही लावावा: किरकोळ भाव अमुक पातळीवर गेला तर इतके शुल्क, आणखी वर गेला तर इतके, आणि भाव उतरला की शुल्क आपोआप शून्य. संपूर्ण बंदी हे अगदी शेवटचे हत्यार असावे. तिला संपण्याची तारीख असावी आणि ती वाढवायची तर संसदेत कारण द्यावे. सौदा झालेला, वाटेत असलेला माल कधीही अडवू नये.

दुसरी, शुल्काचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून त्या पिकाच्या उत्पादकाला परत द्यावा: चाळीसाठी, आणि बंदीच्या काळातील भावफरकासाठी. बंदी घालायचीच असेल तर त्याच अधिसूचनेत भावफरकाची तरतूद असावी. असे झाले की बंदीचा खर्च सरकारच्या वहीत दिसेल आणि कोणतेही मंत्रालय ती घालण्यापूर्वी दोनदा हिशेब करील.

तिसरी, किनाऱ्यासाठी आपत्तीची यादी आधीच तयार असावी. महामारी असो वा वादळ, होडी, बर्फ, डिझेल, धक्का, वाहतूक आणि बाजार हे एकाच आदेशाने एकत्र सुरू व्हावेत. कोळणीची टोपलीही त्या आदेशात असावी, कारण गिऱ्हाइकापर्यंत मासळी पोहोचवण्यात तिचा मोठा वाटा आहे.

यांपैकी कशालाही नवे तंत्रज्ञान लागत नाही. आवक आणि भाव यांचे आकडे रोज गोळा होतात, शेतकऱ्यांची खाती बँकेला जोडलेली आहेत. लागतो तो एक निर्धार: संकटाचा भार ज्याच्यावर टाकायचा त्याला आधी सांगायचे आणि नंतर भरून द्यायचे. उन्हाळ कांद्याच्या रोपांसाठी उळे, म्हणजे बी, पडते ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे दिवाळीच्याच आगेमागे. पुढच्या वर्षी भाव चढले तर सरकार काय करणार, हे त्या शेतकऱ्याला उळे टाकण्यापूर्वी छापील स्वरूपात कळले पाहिजे. तो हक्क त्याला मिळवून देण्यासाठी कांदा पिकवणाऱ्यांइतकेच कांदा खाणाऱ्यांनीही बोलले पाहिजे, कारण स्वस्ताईच्या प्रत्येक हंगामात खाणाऱ्यांच्या वाट्याचे पैसे पिकवणाऱ्यांनीच भरले आहेत.