वर्णनाचे ऋण

धंदा गेला तरी नाव मागे राहते, यात आपल्याला नवल वाटत नाही. तीन पिढ्यांत ज्यांच्या घरी गावचे दप्तर कुणी पाहिले नाही असे कुलकर्णी आपल्या शेजारी सुखाने नांदतात. ते आडनाव त्यांना जाचत नाही, कारण ते बदलायचे की ठेवायचे हे त्यांच्याच हाती असते.

कातकऱ्यांचे तसे नाही. पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात पावसाच्या तोंडाशी शेवळांच्या जुड्या घेऊन जी बाई कडेला बसते, तिच्या जमातीचे नाव कातावरून पडले. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून, तो रस आटवून कात काढायचा, हा या लोकांचा जुना उद्योग. 1878 च्या कायद्याने जंगले राखीव होत गेली, खैरावर सरकारची मालकी आली आणि तो उद्योग त्यांच्या हातून सुटला. विड्यातला कात राहिला, कातकरी हे नावही राहिले. मधले झाड तेवढे गेले. आणि याच सुमारास या लोकांची वर्णने ग्रंथांत उतरू लागली होती.

ही वर्णने ओळीने वाचावीत आणि मग स्वतःला एक प्रश्न विचारावा असे मला वाटते. एखाद्या माणसाचे वर्णन करण्याचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो? त्याच्याविषयी बरे लिहिले, एवढ्याने तो मिळतो काय?

मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी 1843 मध्ये वारली आणि काथोडी या दोन रानातल्या जमातींची माहिती प्रसिद्ध केली. पुढे 1883 मध्ये कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, गॅझेटियर निघाले. त्या काळच्या अशा सरकारी ग्रंथांत कातकरी भेटतो तो चोरटा, दारूबाज आणि काहीही खाणारा म्हणून. कातकऱ्यांमध्ये आपण रामाच्या वानरसेनेचे वंशज आहोत अशी एक कथा होती. तीही ग्रंथांत नोंदली गेली. सांगणाऱ्याच्या दृष्टीने तो केवढा मान! ज्यांनी रामाला साथ दिली त्यांचे आम्ही. पण साहेबाच्या कागदावर तेच वाक्य उतरले की वाचणाऱ्याला त्यात माणूस कमी आणि माकड जास्त दिसू लागते. शब्द तोच असतो. तो कोणाच्या मुखी आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

मग काळ बदलला. 1934 मध्ये अ. ना. वेलिंग यांचे कातकऱ्यांवरचे स्वतंत्र पुस्तक आले. कातकरी हा आता अभ्यासाचा विषय झाला. त्यानंतर देशभरच्या आदिवासींविषयी थोर वाद झाला. व्हेरिअर एल्विन यांनी 1939 मध्ये बैगांवर लिहिताना, या लोकांना बाहेरच्या जगापासून राखावे असे सुचवले. डॉ. गो. स. घुर्ये यांनी 1943 मध्ये उत्तर दिले की हे मागासलेले हिंदू आहेत, त्यांनी इतर समाजात मिसळून जावे. दोघेही विद्वान, दोघांचीही कळकळ खरी. तरी वादात ज्याचे भवितव्य ठरत होते तो पक्षकार हजर नव्हता. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सरकारने ‘आदिम’ जमातींचा वर्ग केला. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड त्यात आले. 2006 मध्ये ‘आदिम’ हा शब्द जाऊन ‘विशेष असुरक्षित’ आला. म्हणजे चोरटा, अभ्यासाचा नमुना, आदिम आणि असुरक्षित अशी ही पदवीमालिका झाली.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. आफ्रिकेतील कालाहारीच्या सान लोकांची कथा अशीच आहे. डच वसाहतवाल्यांनी त्यांना ‘बुशमन’ म्हटले. ‘सान’ हे नावही शेजारच्या पशुपालकांनी दिलेले. 1959 मध्ये एलिझाबेथ मार्शल थॉमस यांनी त्यांना निरुपद्रवी माणसे म्हणून जगापुढे आणले. 1960 नंतरच्या दशकात रिचर्ड ली यांनी त्यांच्या श्रमाचे तास मोजले आणि आठवड्यातले दोन-अडीच दिवस अन्न मिळवण्यात गेले की त्यांचे भागते असे दाखवले. दमलेल्या शहरी जगाला तो स्वर्गच वाटला. पुढे 1989 मध्ये एडविन विल्मसेन यांनी सगळे चित्रच उलटवले. हे लोक शतकानुशतके व्यापारात आणि शेजाऱ्यांच्या गुराढोरांच्या व्यवहारात गुंतलेले होते. त्यांचे दारिद्र्य अनादी नसून इतिहासाने लादलेले आहे, असे त्यांचे म्हणणे. तो वाद अजून मिटलेला नाही.

या साऱ्यात मला एकच गोष्ट सलते. निंदा करणाऱ्यांनी आणि स्तुती करणाऱ्यांनी बहुधा एकच वस्तू हिरावली, ती म्हणजे या लोकांचा काळ. ‘हे पूर्वीपासून असेच’ या वाक्यात तिरस्कारही मावतो आणि कौतुकही मावते. मात्र 1878 हा आकडा त्यात मावत नाही. दारिद्र्याला सन लावला की त्याला कारण येते. कारण आले की कुणाकडे तरी बोट जाते. सन पुसून टाकला की मग ते नशीब होते, नाहीतर स्वभाव होतो.

कुणी म्हणेल, वर्गवारी केल्याशिवाय मदत तरी कशी द्यायची? हा आक्षेप खोटा नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या जनमन योजनेतून घरे आणि रस्ते द्यायचे ठरले ते याच वर्गवारीच्या आधाराने. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी हवीच. पण चिठ्ठी माणसाच्या कपाळाला चिकटवली की घोटाळा होतो. ‘भटके’ हाच शब्द घ्या. कातकरी वीटभट्टीवर जातो तो बहुधा घेतलेली उचल फेडायला, आणि पावसाळ्यात परत येतो तो आपल्याच वाडीत. मुंबईला नोकरी करून गणपतीला पेणला येणाऱ्या गृहस्थाला आपण भटका म्हणत नाही. रायगडातल्या कित्येक कातकरवाड्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी आहेत, पण घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर. जमिनीला भाव आला की वाडीभोवती कुंपण पडते. जो भटकाच आहे त्याला उठवण्यात अन्याय कसला, असे मनाला समजावणे मग सोपे जाते. पुस्तकातले विशेषण असे सातबाऱ्यापर्यंत पोचते.

डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी 2013 मध्ये याच घराखालच्या जमिनीच्या प्रश्नावर पुस्तक लिहिले, तेही वाडीतल्या लोकांना बरोबर घेऊन. तिथे प्रश्न वाडीचा होता, लेखकाचा नव्हता. 2017 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि आस्था यांची त्यांनी मागणी केली. ज्यांचे इतके दिवस वर्णन झाले त्यांनी वर्णन करणाऱ्यांना घातलेली ही अट. तिच्यात माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. वर्णन हे ऋण आहे. ज्याच्या आयुष्यातून आपण चार पाने घेतली, त्याचे काहीतरी आपण देणे लागतो. निदान त्याला त्याचा इतिहास, सनांसकट, परत करणे लागतो.

हा अंक घरोघरी वाचला जाईल तेव्हा फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नसतील. याच दिवसांत पेण-रोह्याच्या वाड्यांवर भट्टीचे ट्रक येऊ लागतात. चुलीची भांडी, कोंबड्या आणि पोरे चढवून माणसे निघतात, आणि शाळेच्या हजेरीपटावर मुलांच्या नावांपुढे गैरहजेरी पडत जाते. त्यांच्याविषयी पुढचे वाक्य लिहिताना ‘हे लोक भटकतात’ असे लिहायचे, की उचल किती, ती कोणी दिली आणि का घ्यावी लागली हे लिहायचे? दोन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत. त्यांतले दुसरे लिहायला चौकशी करावी लागते.