विकणाऱ्याचे मौन

गेल्या पावसाळ्यात आमची तेरा वर्षांची जुनी मोटार विकावयास काढण्याचा प्रसंग आला. मोटार विकणे ही काही मोठी घटना नव्हे, आणि तीवर मासिकाची पाने खर्ची घालावीत असे एरवी आमच्या मनातही आले नसते. परंतु त्या व्यवहारात आमच्या हातून जे घडले, किंवा खरे बोलावयाचे तर जे घडावयास हवे होते व घडले नाही, त्याने आम्हांस तेव्हापासून स्वस्थता लाभू दिलेली नाही. आणि हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही, वापरलेली वस्तू ज्याने ज्याने म्हणून दुसऱ्याच्या हाती दिली त्या प्रत्येकाचा आहे, असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

गाडीत दोष होते. तेरा वर्षांच्या यंत्रात ते असावयाचेच. दारांच्या खालच्या कडेला गंज चढला होता, मागची एक काच अर्ध्यावर अडे, आणि गार हवेचे यंत्र हवेपेक्षा आवाजच अधिक देई. या दोषांविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. एक दोष मात्र निराळ्या जातीचा होता. चौकात दिव्यापाशी गाडी उभी करून ब्रेकवर पाय ठेवला असता पायाखालचे पेडल हळूहळू, भिजल्या मातीत पाऊल रुतावे तसे, खाली जाई. पाय उचलून पुन्हा दाबला की ते घट्ट होई. हे रोज घडत नसे. आठवड्यातून एखाद्या वेळी घडे, आणि घडून गेल्यावर आपल्यालाच भास झाला असावा असे वाटे. आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने त्याचे कारण सांगितले. ब्रेकचे तेल ज्या नळकांड्यात दाबले जाते त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. त्यातील रबरी वॉशर झिजले म्हणजे दाबलेले तेल बाहेर न गळता आतल्या आत मागे सरकते. म्हणून जमिनीवर तेलाचा थेंब दिसत नाही, वरच्या डबीतील तेलही कमी होत नाही, आणि गाडीभोवती फिरून पाहणाऱ्यास काहीच कळत नाही. हे सांगून तो म्हणाला, “आता विकायचीच आहे ना काका, मग चार-पाच हजार घालता कशाला? घेणारा घेईल बघून.” आणि लागलीच पुढे म्हणाला, “तोवर घाटात मात्र नेऊ नका.”

हा मनुष्य दुष्ट नाही. वीस वर्षे आमची वाहने त्याने प्रामाणिकपणे राखली आहेत. तरी एकाच दमात त्याने उच्चारलेली ही दोन वाक्ये आपापसांत किती विसंगत आहेत हे त्याच्या ध्यानात आले नाही, आणि लाजेने सांगावे लागते की त्या वेळी आमच्याही आले नाही.

पहिले गिऱ्हाईक म्हणून एक तरुण गृहस्थ पत्नीसह आले. त्यांनी हॉर्न वाजवून पाहिला, गाणी लावून पाहिली, टायरला पायाने एक ठोकर दिली. टायरच्या बाजूस चार आकडे छापलेले असतात; पहिले दोन तो टायर वर्षाच्या कितव्या आठवड्यात तयार झाला हे सांगतात व पुढचे दोन वर्ष सांगतात. रबर नुसते उभे राहूनही कडक होते, म्हणून नक्षी शाबूत असली तरी हे आकडे वाचणे अगत्याचे. ठोकर देणाऱ्यांपैकी ते वाचणारे फार थोडे असतात. पाहणी वीस मिनिटांत आटोपली. आमच्या प्राचीन धर्मशास्त्रकारांनी खरेदी पारखून घेण्यास मुदती घालून दिल्या आहेत. नारद व याज्ञवल्क्य या दोघांच्याही स्मृतींत दुभत्या जनावराला तीन दिवस व ओझ्याच्या जनावराला पाच दिवस सांगितले आहेत. बैल पाच दिवस पाहून घ्यावा असे म्हणणाऱ्या त्या लोकांना आमची वीस मिनिटे पाहून हसू आले असते.

त्या दांपत्यास आम्ही ब्रेकची गोष्ट सांगितली. त्यांनी आभार मानले, विचार करून कळवतो म्हणाले, आणि पुन्हा आले नाहीत. त्यांचे मनोगत ताडणे कठीण नाही. जो विकणारा आपण होऊन एक दोष सांगतो तो आणखी चार लपवीत असला पाहिजे, असेच कोणीही म्हणेल. जॉर्ज अकर्लॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्यास वस्तूचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात, म्हणून घेणारा सर्वच गाड्या वाईट धरून किंमत पाडतो आणि मग चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात, असा त्याचा सिद्धांत आहे. त्यांना पुढे २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या अंगणात तो सिद्धांत आम्हांस फुकट शिकावयास मिळाला.

त्यानंतर एक दलाल आला. त्याने पाच मिनिटांत भाव सांगितला, आम्ही दहा मिनिटांत तो मान्य केला. आर.टी.ओ.च्या कागदांवर आम्ही सह्या केल्या. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती, कारण पुढचे गिऱ्हाईक अजून ठरावयाचे होते. ब्रेकविषयी त्याने विचारले नाही व आम्ही बोललो नाही. मनाला सांगितले की हा धंद्यातला मनुष्य, त्याला आमच्याहून अधिक कळते.

आता या मौनास काय म्हणावे? कायदा आमच्या बाजूने बोलेल असे दिसते. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमात नुसते मौन म्हणजे कपट नव्हे असे म्हटले आहे, आणि त्याखाली घोड्याचे उदाहरण आहे. ‘अ’ हा ‘ब’ला लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे ‘अ’ला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. हे कपट नाही. मात्र पुढच्याच उदाहरणात कायदा म्हणतो की ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर घोड्याचा दोष तिला सांगणे हे ‘अ’चे कर्तव्य होय. ज्या कोणी हे उदाहरण रचले त्याला मनुष्यस्वभावाची चांगली पारख असली पाहिजे. परक्याशी बोलताना जे मौन व्यवहारचातुर्य ठरते तेच मुलीशी बोलताना पाप ठरते, हे आपण सर्वजण जाणतो, आणि कायद्याने ते निःसंकोचपणे लिहून टाकले आहे. नारदाचा नियम याहून कडक दिसतो. निर्दोष वस्तू दाखवून सदोष देणाऱ्याने दुप्पट किंमत व तितकाच दंड द्यावा असे तो सांगतो. पण तेथेही शिक्षा आहे ती दाखविण्याच्या लबाडीला. आम्ही काही दाखविलेच नव्हते.

हा वाद फार जुना आहे. रोमन पंडित सिसेरो याने कर्तव्यावरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो दोन स्टोइक तत्त्वज्ञांच्या मुखाने मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला असता एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो; मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला माहीत आहे. त्याने ते सांगावे काय? तसेच रोगट व किडक्या लाकडांचे घर विकणाऱ्याने घराचे दोष सांगावे काय? अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगावे; डायोजेनीस म्हणतो, कायदा सांगावयास लावील तेवढे सांगावे, बाकी खोटे बोलू नये म्हणजे झाले. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे. आम्ही तरुणपणी हा वाद वाचला तेव्हा डायोजेनीसचे म्हणणे आम्हांस अधिक पटले होते, आणि धान्याच्या बाबतीत आजही ते अगदीच टाकाऊ वाटत नाही. घेणाऱ्याचे फार तर पैसे अधिक जातील.

परंतु ब्रेक म्हणजे धान्य नव्हे. आमच्या मते या दोन्ही पंडितांनी, आणि करार कायद्यानेही, व्यवहारात दोनच माणसे धरली आहेत, विकणारा व घेणारा. मोटारीच्या व्यवहारात तिसरा मनुष्य नेहमीच असतो. मागच्या आसनावर झोपलेले मूल, शाळेसमोरचा रस्ता ओलांडणारी बाई, पुढच्या सायकलवरचा दूधवाला, यांपैकी कोणीही आमच्या सौद्याला हजर नव्हते. दोष असेल तर किंमत कमी घेतली, फिटंफाट झाली, असे गॅरेजवाल्याचे म्हणणे. आणि गंजाच्या, काचेच्या, गार हवेच्या बाबतीत ते खरे आहे. गैरसोय विकता येते, कारण ती घेणाऱ्याचीच असते. धोका तसा विकता येत नाही. दलालाने आम्हांस वीस हजार कमी दिले असतील. त्यांतला एक पैसाही त्या दूधवाल्याच्या खिशात गेलेला नाही. एवढेच काय, घेणाऱ्याने सर्व जाणून, समजून, राजीखुशीने ती गाडी घेतली तरी तो स्वतःपुरतीच संमती देऊ शकतो. म्हणून अशा दोषापुरते नुसते सांगणेही पुरेसे नाही, दुरुस्त करून द्यावे, असे आम्हांस आज वाटते. त्या वेळी आम्ही सांगण्यापर्यंतही पोहोचलो नव्हतो.

दलालाच्या हाती गाडी दिल्याने आणखी एक गोष्ट घडते. गाडी पुढे जाते आणि तिच्याविषयीचे ज्ञान मागे राहते. दलालाने विचारले नाही, कारण न विचारल्यास पुढच्या गिऱ्हाइकास त्याला निर्धास्तपणे “मला काय ठाऊक” म्हणता येते. दोन मौने एकापुढे एक ठेवली की दोघेही निर्दोष, असा हा हिशेब आहे. मोठ्या कारखान्यांतही हेच चालते. २०१४ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने शेव्हरोले कोबाल्ट वगैरे सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांचा किल्लीचा खटका सैल होता. जुडग्याच्या वजनाने वा गुडघ्याच्या धक्क्याने चालत्या गाडीत किल्ली फिरे, एंजिन बंद पडे, आणि अपघात झालाच तर जीव वाचविणारी हवेची पिशवी उघडत नसे. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने पुढे १२४ मृत्यू मान्य केले. मालकांच्या तक्रारी कित्येक वर्षे येत होत्या. २००५ मध्येच विक्रेत्यांस सूचना गेली होती की गिऱ्हाइकांस जुडग्यातील जड वस्तू काढून टाकावयास सांगावे. २००६ मध्ये खटका सुधारण्यात आला, पण सुट्या भागाचा क्रमांक जुनाच ठेवला, त्यामुळे कोणत्या गाडीत कोणता खटका आहे हे शोधणाऱ्यांस वर्षानुवर्षे उमगेना. कोऱ्या कागदावरची आमची सही आणि तो न बदललेला क्रमांक यांत आकाराचा फरक पुष्कळ आहे, जातीचा फारसा नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आम्ही हलका समजत नाही. जुन्या गाड्या कोण घेतात? ज्यांना नवी परवडत नाही ते. चौघांचे कुटुंब एका स्कूटरवरून पावसात जाताना आपण रोज पाहतो. त्यांना लाख रुपयांत चार चाके व डोक्यावर पत्रा मिळाला तर तो लाभच नव्हे काय? लाभ खराच. तथापि जो गरिबीमुळे जुनी वस्तू घेतो त्यालाच अज्ञान सर्वांत महाग पडते. पाच हजारांची दुरुस्ती त्याला आधी ठाऊक असती तर सौद्यात वळती करून घेता आली असती.

सरकारने पाहावे, असे म्हणून सुटका करून घेण्याची आपली रीत आहे. आपल्याकडे खाजगी मोटारीच्या धुराची तपासणी ठराविक मुदतीने करावी लागते; पण नोंदणी पंधरा वर्षांची असल्यामुळे गाडी चालण्यास योग्य आहे की नाही हे पाहण्याची सक्तीची वेळ त्यानंतरच येते. आमच्या गाडीपाशी धुराचे प्रमाणपत्र होते, अगदी ताजे. ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या मोटारींचे ब्रेक, दिवे व स्टिअरिंग तपासणे सुरू झाले. तेव्हा दहा वर्षांच्या गाड्यांना तो नियम होता, आज बहुतेक ठिकाणी तीन वर्षांनंतर दरसाल आहे, आणि नुसत्या क्रमांकावरून कोणासही त्या गाडीच्या मागच्या तपासण्यांचा निकाल पाहता येतो. तेथे विकणारा गप्प राहिला तरी गाडी थोडेफार बोलते. असे काही येथे होईल तेव्हा होवो. आमची गाडी त्यापूर्वीच गेली होती.

तीन महिन्यांनी आम्ही दलालास फोन केला. गाडी आठवड्यातच गेली म्हणाला. ब्रेक पाहिला होता काय, असे विचारता “बघितला असेल पोरांनी” असे उत्तर मिळाले. पुष्कळ आढेवेढे घेऊन त्याने नव्या मालकाचा क्रमांक दिला. ते गृहस्थ सातारा भागातले निघाले. प्रथम त्यांना वाटले आम्ही काही पैसे मागण्यासाठी बोलत आहोत. मग आम्ही पेडलविषयी विचारले.

“हो, जातं कधी कधी खाली,” ते म्हणाले. “दोनदा मारला की लागतो. आता सवय झालीय.”

आम्ही त्यांना सर्व सांगितले. गाडी तशी चालवू नका, दुरुस्तीचे पैसे आम्ही पाठवतो, असेही म्हटले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, “काका, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का?” आम्ही होय म्हणालो. गॅरेजमध्ये दाखवून बिल कळवतो, असे त्यांनी सांगितले. त्याला आज सोळा दिवस झाले. बिल अजून आलेले नाही, आणि काल पुन्हा फोन केला तेव्हा तो कोणी उचलला नाही.